फेरोमोनचा फवारा आणि आकर्षण

‘फेरोमोनचा फवारा मारला की समोरची व्यक्ती नकळत आकर्षित होते’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. फेरोमोन म्हणजे एका प्राण्याने सोडलेलं, त्याच जातीच्या दुसऱ्याचं वागणं बदलणारं रसायन.

समज निराधार वाटत नाही, कारण प्राण्यांत हे खरंच घडतं. नर डुकराच्या लाळेतलं अँड्रोस्टेनोन हुंगताच माजावरची मादी समागमासाठी स्थिर उभी राहते. माणसात मात्र असं एकही रसायन अजून खात्रीने सिद्ध झालेलं नाही. अनेक प्राण्यांत असे संकेत टिपणारं नाकातलं खास इंद्रिय आपल्यात अवशेषरूपात उरलंय. त्याला लागणारं टीआरपीसी२ जनुकही निकामी आहे. अंगाच्या वासाचा आवडीनिवडीवर परिणाम होऊ शकतो, पण तो हुकूम नव्हे.

दावा तपासताना एकच विचारा: तोच सुगंध, एका बाटलीत ‘फेरोमोन’, दुसरीत नाही, आणि कुठली कोणती हे लावणाऱ्याला आणि समोरच्याला, दोघांनाही माहीत नाही, अशी चाचणी झाली का? लावणाऱ्याला माहीत असेल तर त्याचा आत्मविश्वासच वाढतो, आणि श्रेय बाटलीला जातं.