९५ टक्के अचूक, पण कोणाच्या एक्स-रेवर?

कोविडच्या पहिल्या वर्षात अशा बातम्यांचा नुसता पाऊस पडत होता, छातीचा एक्स-रे किंवा सीटी बघून एआय कोरोना ओळखतं, ९५ टक्के अचूक, कुठे ९८ टक्के. मग २०२१ मध्ये केंब्रिजच्या पुढाकाराने एका टीमने हे सगळं संशोधन नीट तपासायला घेतलं. २०२० च्या जानेवारीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे २,२१२ पेपर त्यांच्या हाती लागले, पहिल्या चाळणीत ४१५ उरले, दर्जा बघितल्यावर ६२, आणि त्या ६२ मधला पेशंटसाठी वापरावा असा एकही निघाला नाही. एकही नाही! वर्षभराची एवढी मेहनत, तीही माणसं मरत असताना, याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

गडबड कुठे झाली ते बघण्यासारखं आहे. बऱ्याच पेपरांत कोरोनाचे एक्स-रे मोठ्या माणसांचे होते आणि 'कोरोना नसलेले' म्हणून जे घेतले ते चीनमधल्या एका हॉस्पिटलातल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांचे. आता लहान मुलाची छाती आणि साठीच्या माणसाची छाती यातला फरक कळायला कोरोना कळावा लागत नाही, म्हणजे एआय वय ओळखत होतं आणि आपण टाळ्या वाजवत होतो. दुसरं म्हणजे इंटरनेटवरचे फोटोंचे संच एकमेकांत मिसळून नव्या नावाने फिरत होते, त्यामुळे ज्या फोटोंवर एआय शिकलं त्यातलेच काही परीक्षेलाही येऊ शकत होते. पेपर फुटलेल्या परीक्षेतल्या मार्कांना आपण जेवढी किंमत देऊ तेवढीच या ९८ टक्क्यांना द्यायची.

हे कोविडपुरतं नाही बरं का. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणारं एआय तीन ठिकाणच्या दीड लाखाहून जास्त एक्स-रेंवर तपासलं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलच्या एक्स-रेंमध्ये शंभरात ३४ न्यूमोनियाचे होते, बाकी दोन ठिकाणी शंभरात जेमतेम एक. म्हणजे फिल्म कुठली हे कळलं की अर्धं उत्तर मिळालंच. आणि ते कळत होतं, कारण डावी-उजवी बाजू दाखवायला टेक्निशियन फिल्मच्या कोपऱ्यात धातूचं छोटं अक्षर ठेवतात ना, एआयची नजर तिथे जात होती. फुप्फुसावर नाही, त्या अक्षरावर! परक्या हॉस्पिटलचे एक्स-रे दिले तर बऱ्याचदा कामगिरी घसरायची. म्हणून मी तरी कुठलाही असा पेपर वाचताना आधी हे शोधतो की दुसऱ्या हॉस्पिटलच्या पेशंटवर तपासलंय का, नसेल तर आकडा कितीही भारी असो, मी तो बाजूला ठेवतो.

मग प्रश्न येतो की एआयचं उत्तर ज्याच्याशी ताडून बघितलं ते 'खरं उत्तर' कोणी ठरवलं. बायोप्सीने, आरटी-पीसीआरने, की तीच इमेज बघून एका रेडिओलॉजिस्टने? आणि ज्यांची इमेज संशयास्पद त्यांचीच बायोप्सी केली असेल तर सुटलेले पेशंट मोजणार कोण? हे सगळं तपासायला क्वाडास-२ नावाची पद्धत २०११ पासून आहे, पेशंट कसे निवडले, टेस्ट कशी वाचली, खरं उत्तर कसं ठरवलं, मधे किती वेळ गेला, एवढंच विचारते पण फार कामाची आहे.

पेशंटच्या निवडीने किती फरक पडतो ते गणित करून बघा. समजा टेस्ट आजारी माणसांत ९० टक्के आणि निरोगी माणसांतही ९० टक्के बरोबर सांगते. अभ्यासात ५०० आजारी, ५०० निरोगी घेतले तर पॉझिटिव्ह येणार ४५० खरे आणि ५० खोटे, मस्त वाटतं. तीच टेस्ट गावातल्या शिबिरात १,००० जणांवर करा जिथे खरे आजारी १० च आहेत, तर ९ सापडतील आणि ९९ निरोगी माणसं उगाच घाबरतील. मशीन तेच, रिपोर्ट वाचणाराही तोच.

आणि समजा टेस्ट अगदी बरोबर आहे, तरी पेशंटचं भलं होतं का हा वेगळा प्रश्न उरतोच, आणि मला वाटतं सगळ्यात कमी तोच विचारला जातो. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कॅन्सर तपासणीची सरकारी मोहीम सुरू झाली, त्यासोबत थोडे जास्त पैसे देऊन लोक थायरॉइडची सोनोग्राफीही करून घ्यायला लागले. सोनोग्राफीत बारीक बारीक गाठी दिसायच्या, बायोप्सीत कॅन्सर यायचा, म्हणजे टेस्ट काही खोटं बोलत नव्हती. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं, पण त्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. सापडलेल्या बहुतेक गाठींनी जन्मभर काही केलं नसतं, पण थायरॉइड काढलेल्या कित्येकांच्या मागे रोजची गोळी कायमची लागली. २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनीच हे उघडपणे मांडलं, आणि वर्षभरात थायरॉइडची ऑपरेशन्स सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाली.