मलाक्का शहर

मलाक्का (मलय उच्चार ‘मलाका’) : मलेशियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे जुने बंदर आणि त्याच नावाच्या राज्याची राजधानी. क्वालालंपूरच्या दक्षिणेला सुमारे १५० किमी आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम सव्वादोन अंशांवर ते वसले आहे. सुमात्रा आणि मलय द्वीपकल्पाच्या मधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीला या शहराचेच नाव मिळाले. जॉर्ज टाउनच्या जोडीने ७ जुलै २००८ रोजी त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

शहराचे नाव आवळ्यावरून पडले, असे मानतात. इ.स. १४०० च्या सुमारास सुमात्रातल्या पालेंबांगचा परागंदा राजपुत्र परमेश्वर नदीकाठी एका झाडाखाली विसावला होता. तेवढ्यात एका पिसोरी हरणाने लाथ मारून त्याच्या शिकारी कुत्र्याला पाण्यात ढकलले. जिथे एवढेसे हरीण कुत्र्याला भारी पडते ती जागा राजधानीला चांगली, असे म्हणून त्याने तिथेच मुक्काम ठोकला आणि डोक्यावरच्या झाडाचे नाव गावाला दिले. ही झाली दंतकथा. मलय भाषेत ‘मलाका’ म्हणजे आवळ्याचे झाड हे मात्र खरे, आणि संस्कृत ‘आमलक’शी असलेले त्याचे नाते सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही.

शहर मोठे झाले ते वाऱ्यामुळे. गुजरात आणि कोरोमंडलची जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर येत, चीनची जहाजे ईशान्येच्या वाऱ्यावर. ज्या वाऱ्याने एकाला आणले त्याच वाऱ्यावर त्याला परतता येत नसे, त्यामुळे वारा फिरेपर्यंत महिनोन्‌महिने इथे थांबणे भाग पडे. थांबायचे म्हटले की वखार आली, देऊळ-मशीद आली, खानावळ आली आणि पुष्कळदा लग्नही आले. मलाक्क्यातल्या मिश्र समाजांचे मूळ या सक्तीच्या मुक्कामात आहे. त्याला ‘सहिष्णुतेची परंपरा’ असे गोड नाव देण्याची पद्धत आहे, पण मुळात तो व्यवहार होता.

सुलतानांनी या व्यवहाराला शिस्त लावली. परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते : एक गुजरात्यांसाठी, एक तमिळ, बंगाली आणि ब्रह्मदेशातल्या पेगूकरांसाठी, एक जावा व पूर्वेकडील बेटांसाठी आणि एक चिनी व्यापाऱ्यांसाठी. गुजरात्यांच्या शाहबंदराचा मान सर्वांत मोठा. १५१२ ते १५१५ या काळात इथे राहिलेला पोर्तुगीज औषधविक्रेता तोमे पिरेस याने बंदरात ८४ भाषा ऐकू येत असल्याचे लिहून ठेवले आहे. आकडा फुगवलेला असेलही, पण मलय भाषेतल्या शब्दांची झडती घेतली तर तो फार खोटा वाटत नाही. ‘बंदर’ म्हणजे तिथे शहर, ‘कोट’चे ‘कोता’, ‘भाषा’चे ‘बहासा’. प्रधानाचा हुद्दा ‘बेंदाहारा’ हा ‘भांडागार’ शब्दातून आला आणि आरमारप्रमुखाचा ‘लक्समाना’ रामायणातल्या लक्ष्मणावरून. मराठीतला ‘लिलाव’ आणि मलयमधला ‘लेलोंग’ ही तर एकाच पोर्तुगीज शब्दाची दोन लेकरे.

गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, आफोंसो द आल्बुकर्क याने मलाक्का जिंकले. पुढचा इतिहास उतरणीचा आहे. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून मुसलमान व्यापारी आचे, जोहोर, बांतेन इकडे वळले. १६४१ मध्ये डचांनी जोहोरच्या मदतीने शहर घेतले, पण त्यांचा जीव बटाव्हियात (आजच्या जकार्तात) गुंतलेला. १७९५ मध्ये इंग्रज आले, १८१८ मध्ये त्यांनी ते परत केले आणि १८२४ च्या तहाने सुमात्रातल्या बेंकूलेनच्या बदल्यात कायमचे घेतले. तोवर सिंगापूर उभे राहिले होते आणि मलाक्क्याची नदी गाळाने भरत चालली होती. मलाया स्वतंत्र होण्याची तारीख देशाचे पुढे पहिले पंतप्रधान झालेले तुंकू अब्दुल रहमान यांनी २० फेब्रुवारी १९५६ रोजी इथल्याच मैदानावर जाहीर केली.

पाहण्याजोगे जुने शहर नदीच्या दोन्ही तीरांवर चालण्याच्या अंतरात आहे. पूर्वेच्या बाजूला सत्ताधाऱ्यांची टेकडी, पश्चिमेला व्यापाऱ्यांची आळी. बहुतेक पाहुणे टेकडीच्या पायथ्याशी लाल रंगाच्या ‘डच चौका’त छायाचित्र काढून निघून जातात. या चौकातला नगरभवनाचा वाडा, स्ताडहाउस, डचांचा (सु. १६५०) आणि शेजारचे ख्राइस्ट चर्च (१७५३) हेही त्यांचेच. पण डचांच्या काळी या इमारती पांढऱ्या होत्या. लाल रंग इंग्रज अमदानीतला, मधले कारंजे व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे आणि घड्याळाचा मनोरा एका धनाढ्य चिनी घराण्याने १८८६ मध्ये बांधलेला. चर्चमध्ये मान वर करून तुळया पाहाव्यात, प्रत्येक तुळई एकाच झाडाची आणि बिनसांध्याची आहे. मग पायाखालीही पाहावे, कारण फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर आर्मेनियन लिपीसुद्धा भेटते.

टेकडीमागे ‘आ फामोसा’ किल्ल्याचा उरलेला एकुलता एक दरवाजा आहे. १८०७ मध्ये इंग्रजांनी किल्ला सुरुंगाने उडवला. दरवाजा वाचला त्याचे श्रेय पुढे सिंगापूर वसवणाऱ्या स्टॅम्फर्ड रॅफल्सच्या रदबदलीला देतात. त्याला पोर्तुगीज दरवाजा म्हणतात, पण कमानीवर डच ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आणि १६७० हे साल कोरलेले आहे. चिरे जांभ्याचे. कोकणातल्या माणसाला हा भोकाभोकांचा तांबूस दगड ओळखीचा वाटेल. टेकडीवरचे सेंट पॉल चर्च १५२१ चे, आता बिनछपराचे. चीनच्या किनाऱ्याजवळ वारलेल्या फ्रान्सिस झेवियर यांचे शव गोव्याला नेण्यापूर्वी १५५३ मध्ये काही महिने इथे पुरले होते. बाहेरच्या त्यांच्या पुतळ्याला उजवा हात नाही. झाड कोसळून तो तुटला असे सांगतात, आणि खुद्द शवाचा उजवा हातही १६१४ मध्ये अवशेष म्हणून काढून घेतला होता, हे गाइड आवर्जून जोडतो.

पूल ओलांडला की खरे शहर सुरू होते. एकाच रस्त्यावर काही पावलांच्या अंतराने तीन पूजास्थाने आहेत. पोय्याथा विनायकाचे मंदिर १७८१ चे, त्याची जागा डच सरकारने तैवनायगम चेट्टी यांना दिली होती. त्याच्या पुढे कांपुंग क्लिंग मशीद (१७४८). भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांच्या या मशिदीला घुमट नाही. तीन मजली उतरते छप्पर जावाच्या वळणाचे, मिनार पॅगोडासारखा, आतले खांब युरोपीय आणि भिंतींवर पाश्चात्त्य चिनीमातीच्या फरशा. पुढचे चेंग हून तेंग हे सतराव्या शतकातले देऊळ मलेशियातले सर्वांत जुने चालू चिनी मंदिर मानले जाते. त्याच्या छपरावरची फुले-पक्षी चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे जोडून केलेले आहेत. नमाजाच्या वेळी मशिदीत पाहुण्यांनी जाऊ नये, एरवी अंग झाकलेले असले म्हणजे झाले.

शेजारच्या हीरेन स्ट्रीटवर बाबा-न्योन्या म्हणजे चिनी-मलय मिश्र कुळांची अरुंद, पण आत लांबच लांब गेलेली घरे आहेत, मध्ये आकाशाला उघडा चौक. दर्शनी रुंदीवर कर असल्यामुळे ती अशी बांधली गेली, ही माहिती प्रत्येक जण देतो. त्यातली तीन घरे मिळून आज बाबा-न्योन्या संग्रहालय आहे. पलीकडच्या जॉंकर स्ट्रीटवर शुक्रवार ते रविवार रात्रबाजार भरतो. तो गर्दीचा आणि बराचसा प्लॅस्टिकचा आहे. जुना भाडेनियंत्रण कायदा उठल्यावर इथले अनेक भाडेकरू आणि कारागीर निघून गेले आणि त्यांच्या जागी हॉटेले आली. म्हणून जायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी. दुपारी ऊन आणि दमट हवा असह्य होते, आणि त्यानंतर बऱ्याचदा वळवासारखी सर येते. ती टाळण्याचा सोयीचा उपाय म्हणजे चेंदोल : नारळाचे दूध, हिरव्या शेवया, बर्फ आणि वर ‘गुला मलाका’, म्हणजे माडाचा काळसर गूळ. या गुळाला शहराचे नाव आहे, आणि तो खारट-धुरकट लागला तरच अस्सल समजावा.

गाजाह बेरांग भागात मलाक्का चेट्टींची वस्ती आहे. तमिळ व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांचे हे वंशज धर्माने शैव हिंदू, घरची भाषा मलय, बायकांचा पोशाख सारोंग-कबाया. पोंगलच्या आदल्या दिवशी ते केळीच्या पानांवर पूर्वजांना जेवण वाढतात. त्या पानांवर मलय आणि न्योन्या पदार्थ असतात.

क्वालालंपूरहून बसने सुमारे दोन तास लागतात. रेल्वे शहरात येत नाही. पूर्वी येत असे, पण दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी इथले रूळ उखडून सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गासाठी नेले, ते परत बसले नाहीत.

समुद्रही आता दूर गेला आहे. किल्ल्याचा दरवाजा एके काळी किनाऱ्याजवळ होता, आज भर टाकून मिळवलेल्या जमिनीवर त्याच्यापुढे मॉल उभे आहेत. त्याची झळ सर्वांत जास्त बसली ती तीनेक किमीवरच्या पोर्तुगीज वसाहतीला. इथले क्रिस्तांग, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक अशा मिश्र कुळांतले लोक, जी पोर्तुगीज मिश्रबोली बोलतात तिची एक बहीण रायगडातल्या कोर्लईत अजून ऐकू येते. २९ जूनला, सेंट पीटरच्या सणाला, पाद्री इथल्या होड्यांना आशीर्वाद देतो. बाकी दिवसांत उथळ पाण्यात कमरेपर्यंत उतरून, दोन काठ्यांना बांधलेले जाळे पुढे ढकलत जवळा धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्या जवळ्याला तिथे ‘गेरागो’ म्हणतात, आणि शहरातले लोक हिणवून या माणसांनाही तेच म्हणत. आता भराव किनाऱ्याच्या पुढे सरकला आहे आणि जाळे ढकलायला उथळ पाणी फार थोडे उरले आहे.