विदूषक, बालसमारंभातील

मुलांचा वाढदिवस, शाळेचे स्नेहसंमेलन, सोसायटीचा मेळावा अशा प्रसंगी रंगवलेल्या चेहऱ्याने व ढगळ पोशाखात, मानधन घेऊन मुलांचे रंजन करणाऱ्या कलावंताला बालसमारंभातील विदूषक म्हणतात. ही कला सर्कशीच्या रिंगणातून घरात आली आणि तिच्यापुढील बहुतेक तांत्रिक प्रश्न या स्थलांतरातून निर्माण झाले आहेत. रिंगणातला विदूषक प्रेक्षकांपासून दूर असतो. घरातला मुलापासून हातभर अंतरावर उभा असतो.

संज्ञा : मराठीत बोलताना ‘जोकर’ आणि लिहिताना ‘विदूषक’ असा साधारण भेद दिसतो. ‘जोकर’ हे नाव पत्त्यांच्या पानाला कसे मिळाले याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेत १८६० च्या दशकात ‘युकर’ या खेळासाठी पत्त्यांच्या जोडात एक जादा पान आले. खेळाच्या नावाच्या जर्मन रूपावरून पानाचे नाव पडले असे एक मत आहे, तर थट्टेखोर या अर्थाचा जुना इंग्रजी शब्दच पानाला दिला गेला असे दुसरे. घुंगरांच्या टोपीतील विदूषकाचे चित्र पानावर मागाहून स्थिरावले असावे. ‘क्लाउन’ हा इंग्रजी शब्द सोळाव्या शतकापासून गावंढळ माणूस या अर्थाने आढळतो. तो शेतकरी या अर्थाच्या ‘कोलोनुस’ या लॅटिन शब्दापासून आला, ही व्युत्पत्ती आता मागे पडली असून बोजड, ओबडधोबड माणूस या अर्थाच्या उत्तर युरोपीय शब्दांशी त्याचे नाते जोडणे अधिक सयुक्तिक वाटते.

संस्कृत नाटकातील विदूषकाशी या कलावंताचे नाव जुळते, परंपरा जुळत नाही. नाट्यशास्त्रात विदूषकाचे वर्णन ठेंगणा, पुढे आलेल्या दातांचा, कुबडा, टकला व पिंगट डोळ्यांचा असे आहे. देहाच्या विक्षेपाने हसवणे दोघांत समान असले, तरी संस्कृत विदूषक हा बहुधा राजाचा मित्र आणि त्याचा विनोद मुख्यतः वाणीचा व खादाडपणाचा आहे. तमाशातील सोंगाड्यालाही या कलावंताचा पूर्वज मानता येत नाही, कारण त्याचे सारे बळ हजरजबाबी बोलण्यात असते आणि ते बोलणे प्रौढांसाठी असते.

पूर्वपीठिका : आधुनिक सर्कशीचा आरंभ फिलिप ॲस्ली याने १७६८ मध्ये लंडनला सुरू केलेल्या घोडेस्वारीच्या खेळांपासून मानतात. त्याने रूढ केलेले ४२ फूट (सु. १३ मी.) व्यासाचे रिंगण घोड्याच्या धावेला सोयीचे होते, आणि कसरतींमधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी विनोदी पात्राची योजना झाली. पांढऱ्या चेहऱ्याच्या विदूषकाला रूप देणारा जोसेफ ग्रिमाल्डी (१७७८–१८३७) मात्र रिंगणातला नसून लंडनच्या रंगभूमीवरचा नट होता. पांढऱ्या लेपावर गालांवर लाल त्रिकोण काढण्याची त्याची पद्धत इतकी गाजली, की इंग्लंडमध्ये विदूषकाला त्याच्या नावावरून ‘जोई’ म्हणू लागले.

वाढदिवसाला येणारा विदूषक मात्र बहुधा ग्रिमाल्डीच्या वळणाचा नसतो. लाल नाक, मोठे बूट, अंगाला न बसणारा कोट आणि सतत होणारी फजिती ही लक्षणे ‘ऑगस्ट’ या दुसऱ्या प्रकाराची आहेत. त्याच्या उगमाची प्रचलित कथा बर्लिनच्या रेन्झ सर्कशीतील टॉम बेलिंग या अमेरिकन कसरतपटूची आहे. खेळात चूक झाल्यामुळे त्याला खोलीत थांबण्याची शिक्षा झाली होती. सोबत्यांना हसवण्यासाठी त्याने उलटा टोप व ढगळ कोट चढवून मालकाची नक्कल केली. तेवढ्यात मालक एर्न्स्ट रेन्झ आत आला, बेलिंग घाबरून पळाला तो थेट रिंगणात जाऊन पडला आणि प्रेक्षकांनी ‘ऑगस्ट!’ असा ओरडा केला, असे सांगतात. या प्रसंगाचे वर्ष १८६९ असल्याचे अनेकदा दिले जाते, परंतु त्याबाबत एकवाक्यता नाही. बर्लिनच्या बोलीत ‘ऑगस्ट’ म्हणजे मूर्ख, हा अर्थ आधीचा की या पात्रावरून आलेला, हेही वादग्रस्त आहे. कथा इतकी नेटकी आहे की ती पुढे रचली गेली असण्याचा संभव दुर्लक्षिता येत नाही. त्याच सुमारास अन्यत्रही वेंधळ्या सेवकाचे असे पात्र रिंगणात वावरत असल्याचे काही अभ्यासक दाखवतात, आणि हा प्रकार हळूहळू घडत गेला हेच मत अधिक ग्राह्य वाटते. लाल नाकाचे श्रेय सामान्यतः पॅरिसमधील फ्रातेलिनी बंधूंपैकी अल्बेर (१८८६–१९६१) याला दिले जाते.

रंगभूषा : ऑगस्टच्या रंगभूषेत चेहऱ्याला त्वचेच्या किंवा गुलाबी रंगाचा लेप लावून फक्त डोळे व ओठ यांभोवती पांढरा रंग देतात. तेलकट लेपावर पावडर थापून जादा पावडर ब्रशाने झटकतात, म्हणजे घामाने रंग ओघळत नाही. पूर्वी रंगभूमीवर वापरला जाणारा शिशाचा सफेदा विषारी असल्याने त्याची जागा जस्ताच्या सफेद्याने घेतली. एका विदूषकाने दुसऱ्याचा चेहरा उचलू नये, हा व्यवसायातील जुना संकेत आहे. इंग्लंडमध्ये स्टॅन बल्ट याने १९४६ पासून विदूषकांचे चेहरे अंड्यांच्या पोकळ कवचांवर रंगवून ठेवण्यास सुरुवात केली. पुढे ही नोंद चिनी मातीच्या अंड्यांवर होऊ लागली. 

ही सारी रंगभूषा शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला भाव दिसावेत म्हणून घडली. दिवाणखान्यात तिचे प्रयोजन उरत नाही. उलट जवळून पाहताना कायमचे रंगवलेले हसू आणि त्याखालचा हलता खरा चेहरा यांतील विसंगती मुलाला जाणवते.

घरगुती समारंभात प्रवेश : या बदलात दूरचित्रवाणीचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये मुलांसाठी निघालेल्या ध्वनिमुद्रिकेतून ‘बोझो’ हा विदूषक पुढे आला, १९४९ मध्ये तो पडद्यावर दिसू लागला आणि नंतर निरनिराळ्या शहरांतील वाहिन्यांवर निरनिराळे नट ती भूमिका करू लागले. वॉशिंग्टनमध्ये बोझो झालेल्या विलर्ड स्कॉट यानेच १९६३ मध्ये मॅक्डॉनल्ड्सच्या रोनाल्ड या विदूषकाची पहिली भूमिका केली. रिंगणातला विदूषक सर्व वयांसाठी असे. तो मुलांसाठीच असतो ही समजूत या काळात पक्की झाली.

भारतात : विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली, तीच पहिली भारतीय सर्कस मानली जाते. त्यांच्याच संपर्कातून केरळातील तलश्शेरी येथे कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतपटू घडवले, आणि पुढील भारतीय सर्कशींना कलावंतांचा मोठा पुरवठा तेथून झाला. भारतीय तंबूत विदूषकाची कामे अनेकदा बुटक्या चणीचे कलावंत करीत. ते स्वतः तरबेज कसरतपटू असत, ही गोष्ट त्यांच्याविषयी लिहिताना नेहमी निसटते आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. १९९० च्या दशकानंतर शहरांतील वाढदिवस हॉलमध्ये होऊ लागले, तेव्हा जादूगार, फुगेवाला आणि कार्टूनचा मुखवटा घातलेला माणूस यांच्या जोडीने जोकरही बोलावला जाऊ लागला.

कार्यपद्धती : खेळ बहुधा केक कापण्यापूर्वी होतो. हातचलाखी, फसलेली जादू, रुमालांची किंवा चेंडूंची झेलाझेल आणि मुलांना सामील करून घेणारे खेळ असा त्याचा ऐवज असतो. जादूत विदूषकाला जे दिसत नाही ते मुलांना दिसते, आणि ती ओरडून त्याला सांगतात. मूल मोठ्या माणसापेक्षा शहाणे ठरण्याचा हा क्षण या खेळाचा प्राण होय. 

लांब फुग्यांचे प्राणी जवळजवळ सर्वत्र करतात. त्यासाठी वापरला जाणारा ‘२६०’ क्रमांकाचा फुगा पूर्ण फुगल्यावर दोन इंच जाड व साठ इंच लांब होतो, म्हणून हा आकडा. प्रत्येक पिळाबरोबर हवा पुढे सरकत असल्याने शेवटी काही बोटे भाग न फुगवता सोडावा लागतो. तो न सोडल्यास शेपटीपर्यंत पोहोचण्याआधीच फुगा फुटतो. पीळ सर्व एकाच दिशेने द्यावे लागतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो; अमेरिकेत आठ वर्षांखालील मुलांबाबतची तशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे तुकडे लगेच उचलणे हा कामाचाच भाग समजला पाहिजे.

भीती : दोन-तीन वर्षांची मुले मुखवट्याला व रंगवलेल्या चेहऱ्याला घाबरतात, हा नित्याचा अनुभव आहे. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते १६ वयाच्या अडीचशेहून अधिक मुलांना रुग्णालयाच्या सजावटीविषयी विचारले (२००८), तेव्हा भिंतीवरील विदूषकांची चित्रे मुलांना नावडती असल्याचे दिसले. याउलट फ्लॉरेन्स येथे ४० मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००५) शस्त्रक्रियेपूर्वी विदूषक सोबत असलेल्या मुलांची चिंता लक्षणीय कमी आढळली, जरी तेथील कर्मचाऱ्यांना त्यांचा कामात व्यत्यय वाटला. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. चित्र मुलाला प्रतिसाद देत नाही, माणूस देतो. मूल मागे सरले तर तो थांबू शकतो. रुग्णालयात काम करणारे विदूषक म्हणूनच रंगभूषा अगदी कमी करतात, पुष्कळदा फक्त लाल नाक लावतात. वाढदिवसाला जाणारे काही कलावंतही मुलांच्या देखत, एकेक रंग दाखवत चेहरा रंगवतात आणि नाक सर्वांत शेवटी लावतात.