ऋण काढून सण आणि पोटाला चिमटा: एनएफएलमधले ‘रिस्ट्रक्चर’ आणि ‘पे कट’

मार्च महिना उजाडला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, बातम्यांत एक वाक्य हमखास भेटतं: अमुक खेळाडूचा करार ‘रिस्ट्रक्चर’ झाला, संघाची सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे खेळाडूंवरच्या वार्षिक खर्चाच्या मर्यादेत, एवढी जागा मोकळी झाली. शेजारीच दुसरी बातमी असते: तमुक खेळाडूने ‘पे कट’, म्हणजे पगारकपात, स्वीकारला, एवढी जागा मोकळी झाली. दोन्हीकडचे आकडे सारखेच दिसतात, म्हणून गोष्टही एकच वाटते. पहिल्या खेळाडूचं कौतुकसुद्धा होतं, संघासाठी केवढा त्याग केला म्हणून. पण त्याने एक डॉलरही सोडलेला नसतो. सोडला असेल तर तो दुसऱ्याने.

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण थकलेला, महागडा संघ मोडून नवा उभा करायची वेळ येते, तेव्हा या दोन वाटा संघाला अगदी वेगळ्या ठिकाणी नेऊन सोडतात. आणि पहिली वाट वारंवार धरली तर दुसरी हळूहळू बंद होत जाते. हे शेवटचं फार कमी जण सांगतात, म्हणून मला ते नीट मांडायचं आहे.

आधी कॅपचं गणित. एनएफएलमध्ये सॅलरी कॅप १९९४ साली आली, तेव्हा ती प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली होती. मार्चच्या मध्यावर लीगचं नवं वर्ष सुरू होतं आणि त्या दिवशी सगळ्या ३२ संघांना मर्यादेच्या आत असावंच लागतं. जास्तीचा कर भरून वर राहायची सोय इथे नाही.

आपल्याला आयपीएलची सवय आहे. २०२५ च्या मोसमासाठी झालेल्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. ऋषभ पंतवर २७ कोटी लावले की त्या मोसमाच्या थैलीतून २७ कोटी गेले, विषय संपला. एनएफएलमध्ये असं होत नाही. तिथे खेळाडूच्या खात्यात या वर्षी पडणारी रक्कम आणि संघाच्या कॅपवर या वर्षी मांडली जाणारी रक्कम हे दोन वेगळे आकडे असतात. हा फरक येतो साइनिंग बोनसमुळे. सही झाली की बोनसचे पैसे खेळाडूचे होतात, पण हिशेबात ते कराराच्या वर्षांवर समान वाटले जातात, जास्तीत जास्त ५ वर्षांवर. रिस्ट्रक्चरची सगळी करामत याच एका नियमावर उभी आहे.

एक कल्पित खेळाडू घेऊ. या वर्षी त्याचा मूळ पगार २ कोटी १० लाख डॉलर आहे आणि हे वर्ष धरून कराराची ५ वर्षं उरली आहेत. संघ त्याला म्हणतो, १० लाख पगार म्हणून घे आणि उरलेले २ कोटी बोनस म्हणून आत्ताच घे. खेळाडूची मिळकत तेवढीच राहिली. उलट मोसमभर हप्त्याहप्त्याने येणारे पैसे आधी हाती आले, आणि तेही असे की संघाने पुढे त्याला सोडलं तरी परत द्यावे लागत नाहीत. संघाच्या हिशेबात मात्र ते २ कोटी ५ वर्षांवर पसरले, दर वर्षी ४० लाख. म्हणजे या वर्षी कॅपवर १० अधिक ४०, असे फक्त ५० लाख लागले आणि १ कोटी ६० लाखांची जागा झाली. पुढच्या ४ वर्षांवर दर वर्षी ४० लाखांचं ओझं चढलं, तेही बरोबर १ कोटी ६० लाख. वाचलं काहीच नाही. हे ऋण काढून सण करणं झालं.

यात खेळाडूला नाही म्हणायचं कारणच नसतं. बऱ्याच मोठ्या करारांत तर असा बदल संघाने खेळाडूला न विचारता करावा, असं कलम आधीच घातलेलं असतं. म्हणून ‘त्याने संघासाठी रिस्ट्रक्चर केलं’ हे वाक्य मला खटकतं. बहुतेक वेळा त्याने काही केलेलंच नसतं, संघाने केलेलं असतं.

कराराची ५ वर्षं उरली नसतील तर? मग संघ शेवटी खोटी वर्षं जोडतो, त्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, बोनस पसरायला जागा हवी म्हणून ती जोडलेली असतात. करार खरोखर संपला की पुढच्या वर्षांवर टाकलेलं सगळं एकदम अंगावर येतं. खेळाडूला सोडून दिलं किंवा दुसऱ्या संघाला दिलं तरी तेच होतं. संघात नसलेल्या माणसाच्या नावाने कॅपवर बसलेल्या या रकमेला ‘डेड मनी’ म्हणतात.

आता पे कट. त्याच खेळाडूचा पगार २ कोटी १० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर आणला, तर ९० लाख खरोखर कमी झाले. पुढच्या कुठल्याही वर्षावर काही चढलं नाही. पण इथे खेळाडूची संमती लागते, कलम दाखवून भागत नाही. मग संघ बदल्यात काहीतरी देऊ करतो: राहिलेल्या पगाराची हमी देतो, किंवा चांगला खेळलास तर गेलेल्यातलं काही परत मिळव म्हणतो. या ‘इन्सेन्टिव्ह’ रकमांचा नियम मजेशीर आहे. गेल्या मोसमात खेळाडूने जी कामगिरी केली होती, तिच्याशी बांधलेलं बक्षीस लगेच कॅपवर धरलं जातं. जी केली नव्हती, तिचं या वर्षी धरत नाहीत, आणि त्याने ती केलीच तर पुढच्या वर्षी हिशेबात येतं.

खेळाडू पगार कमी का करून घेईल? कारण एनएफएलमधले पगार सहसा शेवटपर्यंत हमीचे नसतात. पहिली एक-दोन वर्षं सोडली की संघ म्हणू शकतो, कमी पैशात राहा, नाहीतर आम्ही तुला मोकळं करतो. या बोलण्यात जोर किती, हे डेड मनीवर ठरतं. सोडलं तर कॅपची भरपूर जागा होत असेल, तर खेळाडूला ऐकावं लागतं. पण त्याच खेळाडूचा करार दोनदा-तीनदा रिस्ट्रक्चर झाला असेल, तर त्याच्या नावावर न फेडलेल्या बोनसचा डोंगर असतो. त्याला सोडणंच संघाला महाग पडतं. मग तो हात बांधून बसू शकतो, आणि बसतोही. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा अडकल्या आहेत: वारंवार रिस्ट्रक्चर करणारा संघ पुढे पगार कमी करून मागण्याचा आपला हक्क स्वतःच विकून टाकत असतो.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सचं उदाहरण याच्या सगळ्यात जवळ जातं. कोविडमुळे उत्पन्न घटलं आणि कॅप २०२० च्या १९ कोटी ८२ लाखांवरून २०२१ मध्ये १८ कोटी २५ लाखांवर आली. जनरल मॅनेजर मिकी लूमिस यांच्या सेंट्सनी वर्षानुवर्षं खर्च पुढे ढकलला होता, हे धरून की कॅप दर वर्षी वाढतच जाणार. त्या वर्षाच्या सुरुवातीला ते मर्यादेच्या सुमारे १० कोटी डॉलर वर होते. त्यांनी पुन्हा एकामागून एक करार पसरवले आणि आत आले, पण ओझं फक्त पुढे सरकलं. २०२० च्या मोसमानंतरच्या चारही मोसमांत ते प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोचले नाहीत. २०२४ मध्ये तर ५ सामने जिंकले आणि १२ हरले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डेरेक कारचा करार पुन्हा एकदा रिस्ट्रक्चर केला. मे महिन्यात खांद्याच्या दुखापतीमुळे तो निवृत्त झाला.

त्याच सेंट्समध्ये पे कटचं एक विलक्षण उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजने आपला मूळ पगार २ कोटी ५० लाखांवरून १० लाख ७५ हजारांवर आणला, म्हणजे त्याच्या अनुभवाच्या खेळाडूला देता येणाऱ्या किमान पगारावर. जवळजवळ २ कोटी ४० लाखांची जागा झाली. १४ मार्चला, संघात आल्याच्या बरोबर १५ वर्षांनी, त्याने निवृत्ती जाहीर केली. कागदावर ही पगारकपात होती, पण जो मोसम खेळायचाच नव्हता त्याचा पगार त्याने सोडला होता. तरीही संघाला हा मोठा आधार झाला, कारण कागदोपत्री निवृत्ती १ जूननंतर झाली की उरलेल्या बोनसचं ओझं एका वर्षावर न पडता दोन वर्षांत विभागलं जातं. तोवर त्याचा करार हिशेबात कमी आकड्यावर राहू शकला.

क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सची कपात मात्र खरीखुरी होती. न्यूयॉर्क जेट्स संघात गेल्यावर जुलै २०२३ मध्ये त्याने हमीच्या पैशांतले साधारण साडेतीन कोटी डॉलर सोडले, संघाला भोवती चांगले खेळाडू घेता यावेत म्हणून. ११ सप्टेंबरला पहिल्याच सामन्यात, चौथ्या डावपेचावर, त्याचा पायाचा स्नायूबंध तुटला.

मग नव्याने उभं राहणाऱ्या संघाने काय करावं? माझं मत असं: म्हाताऱ्या होत चाललेल्या खेळाडूंचे करार रिस्ट्रक्चर करू नयेत. पे कट मागून पाहावा. नाही जमला तर डेड मनी एका वर्षात, फार तर दोन वर्षांत, गिळून मोकळं व्हावं. पोटाला चिमटा काढावा, पण तो एकदाच.

डेन्व्हर ब्रॉन्कोजनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. २०२२ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनशी ५ वर्षांचा, २४ कोटी ५० लाखांचा करार केला आणि दोन मोसमांनंतर, मार्च २०२४ मध्ये, त्याला सोडलं. डेड मनी झाला साडेआठ कोटी डॉलर, तोवरचा विक्रम. १ जूनचा नियम वापरून त्यातले ५ कोटी ३० लाख २०२४ वर आणि ३ कोटी २० लाख २०२५ वर टाकले. मी तेव्हा समजून चाललो होतो की संघ दोन वर्षं तरी तळाशी राहणार. पण त्यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, १२ व्या क्रमांकावर बो निक्सला घेतलं. नवख्या खेळाडूंचा पगार २०११ पासून ठरावीक तक्त्याने बांधलेला आहे, त्यामुळे क्वार्टरबॅकची जागा तुलनेने नाममात्र किमतीत भरली. २०२४ मध्ये ते १० सामने जिंकले आणि २०१५ च्या मोसमानंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले.

टॅम्पा बे बकनीअर्सचंही असंच. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी भरपूर उधारी केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच मैदानावर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तो सण झाला, आणि खराखुरा झाला. ब्रेडी निवृत्त झाल्यावर २०२३ मध्ये एकट्या त्याच्या नावाने ३ कोटी ५१ लाखांचा डेड मनी आला. त्यांनी तो त्याच वर्षी भरला, त्याच्या जागी बेकर मेफिल्डला वर्षभरासाठी स्वस्तात आणलं आणि आपला विभाग जिंकला. अटलांटा फाल्कन्सना २०२२ मध्ये क्वार्टरबॅक मॅट रायनला इंडियानापोलिसच्या संघाला देताना ४ कोटी ५ लाखांचा डेड मनी सोसावा लागला होता. तो मोसम फिका गेला, पण पुढच्या मार्चमध्ये जेसी बेट्ससारख्या सेफ्टीला, म्हणजे मागच्या फळीतल्या बचावपटूला, ४ वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख देण्याइतकी ऐपत त्यांच्याकडे होती.

रिस्ट्रक्चर वाईटच असतं, असं मात्र कोणी समजू नये. कॅप २०२१ ते २०२५ या चार वर्षांत जवळजवळ दीडपट झाली. त्यामुळे पुढे ढकललेला डॉलर फेडायची वेळ येते तेव्हा एकूण खर्चात त्याचा वाटा लहान झालेला असतो. फिलाडेल्फिया ईगल्सचे जनरल मॅनेजर हॉवी रोजमन बोनस आणि व्हॉइड इयर्स मोकळेपणाने वापरतात, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा संघ सुपर बोल जिंकला. पण त्यांची उधारी मुख्यतः पंचविशीतल्या खेळाडूंच्या नावावर असते, जे हप्ते फिटेपर्यंत मैदानावर असण्याची शक्यता दांडगी. बातमीत रिस्ट्रक्चर हा शब्द दिसला की मी आधी खेळाडूचं वय पाहतो.

पे कटच्या बाजूलाही एक किंमत असते, जी कॅपच्या तक्त्यात दिसत नाही. ग्रीन बे पॅकर्सचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) ॲरन जोन्सने २०२३ मध्ये ५० लाख डॉलर सोडले आणि संघात राहिला. जानेवारी २०२४ मध्ये डॅलसला जाऊन प्लेऑफच्या सामन्यात ११८ यार्ड धावला, ३ टचडाउन केले. दोनच महिन्यांनी संघाने त्याला आणखी पगार सोडायला सांगितलं. या वेळी त्याने नकार दिला. पॅकर्सनी जॉश जेकब्सला आणलं आणि जोन्सला मोकळं केलं. त्यांच्याच विभागातल्या मिनेसोटा व्हायकिंग्जनी त्याला एका वर्षासाठी ७० लाख डॉलर दिले. त्या मोसमात तो १,१३८ यार्ड धावला. तोवरच्या त्याच्या कुठल्याही मोसमातला आकडा एवढा मोठा नव्हता.