‘हे युजरनेम उपलब्ध नाही’ असं का येतं?

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की कोल्हापुरात मुलांचे नवे मेल आयडी काढायची गडबड सुरू होते. रोमन अक्षरांत राहुलपाटील टाकलं, उपलब्ध नाही. मधे टिंब दिलं, तरी नाही. जीमेल टिंब मोजतच नाही. मग एमएच ०९ मधला शून्य-नऊ मागे लावायचा, तर तो बाकीच्या पाटलांनाही सुचलेला असतो.

पण नाव नाकारलं म्हणजे ते कुणी घेतलेलंच असतं असं नाही. युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या जुन्या संगणकांवर लॉगिन नाव साधारण आठ अक्षरांत बसवावं लागे, आणि ‘रूट’, ‘डेमन’ ही नावं यंत्रणेनं स्वतःकडे ठेवलेली असत. पुढे ई-मेलच्या १९८२ च्या नियमांत (आरएफसी ८२२; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) प्रत्येक डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर, ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता हवाच असं ठरलं. १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये ‘अब्यूज’, ‘वेबमास्टर’, ‘होस्टमास्टर’ यांसारख्या पत्त्यांची यादीच आली. ही पदांची नावं आहेत, आणि ती राखून ठेवण्यामागे ठोस कारण आहे. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र (साइट खरी असल्याची डिजिटल खूण) देणाऱ्या संस्था डोमेनचा मालक खरा आहे का हे तपासायला ‘अ‍ॅडमिन’, ‘होस्टमास्टर’ अशा ठरावीक पत्त्यांवर मेल पाठवू शकतात. २०१५ मध्ये फिनलंडमधल्या एकाला मायक्रोसॉफ्टच्या लाइव्ह डॉट एफआय या डोमेनवर ‘होस्टमास्टर’ हे नाव सहज मिळालं. त्यावर त्यानं त्या अख्ख्या डोमेनचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि ते रद्द करायला मायक्रोसॉफ्टची धावपळ झाली. यादीतलं एक नाव मोकळं राहिलं, एवढीच चूक.

फेसबुकनं जून २००९ मध्ये युजरनेम दिली, तेव्हा ते फेसबुक डॉट कॉमच्या पुढे लागून थेट पानाचा पत्ता बनलं. अशा ठिकाणी ‘लॉगिन’, ‘हेल्प’ ही नावं कुणाला दिली, तर साइटचीच पानं झाकली जातील.

सोडून दिलेल्या नावांचं दुखणं वेगळं. याहूनं २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले आयडी पुन्हा वाटले, तेव्हा जुन्या मालकाची खासगी पत्रं नव्याच्या हाती पडू लागली. बँकेचा पासवर्ड बदलायचा दुवाही अशाच मेलवर येतो, म्हणून हा धोका लहान नाही. जीमेल काढून टाकलेलं नाव पुन्हा देत नाही, हेच योग्य.

जीमेलला ६ ते ३० अक्षरं चालतात. अंडरस्कोर चालत नाही. आकडे जोडत बसण्यापेक्षा मधे वडिलांचं नाव घाला, गुणपत्रिकेशीही ते जुळतं. आणि जुना आयडी नको झाला म्हणून घाईनं काढून टाकू नका. नव्या खात्यासाठी तेच नाव तुम्हालाही परत मिळणार नाही.