सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार

आपत्ती व्यवस्थापनातील कामासाठी भारत सरकारतर्फे व्यक्ती आणि संस्थांना दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार. पहिला पुरस्कार २०१९ साली जाहीर झाला. घोषणा दरवर्षी २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीदिनी होते. संस्थेला ५१ लाख रुपये व प्रमाणपत्र, तर व्यक्तीला ५ लाख रुपये व प्रमाणपत्र मिळते. संस्थेने ही रक्कम आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावरच खर्च करायची असते.

पुरस्कार भारतीय नागरिक व भारतीय संस्थांपुरताच आहे. स्वयंसेवी संस्था, कंपन्या, संशोधन संस्था, गणवेशधारी दले अशा सर्वांना अर्ज करता येतो. व्यक्तीला स्वतःसाठी अर्ज करता येतो, तसेच दुसऱ्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव सुचवता येते. नामांकने केंद्राच्या पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन स्वीकारली जातात. प्रतिबंध, पूर्वतयारी, पूर्वसूचना, बचाव, मदत, पुनर्वसन, संशोधन अशी क्षेत्रे विचारात घेतली जातात. २०२५ च्या पुरस्कारासाठी २९७ नामांकने आली होती.

२०१९ चा मान राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या गाझियाबाद येथील ८ व्या बटालियनला मिळाला. २०२४ मध्ये ६० पॅराशूट फील्ड हॉस्पिटल या लष्करी वैद्यकीय तुकडीची निवड झाली. २०२३ च्या भूकंपानंतर तिने तुर्कस्तानात रुग्णालय उभारले होते. हे काम डोळ्यांना दिसते. पूर्वतयारीचे तसे नाही. ती जमली तर बातमीच होत नाही, त्यामुळे तिचे मोल ठरवणे हाच या पुरस्कारातला अवघड भाग आहे.

ओडिशा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बाबतीत (२०२३) मोजमाप शक्य झाले. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर स्थापन झालेल्या या यंत्रणेने किनाऱ्यालगत बहुउद्देशीय निवारा केंद्रे उभी केली, राज्याचे स्वतंत्र प्रतिसाद दल तयार केले, गावोगावी सराव घेतले. २०१३ चे फायलिन आणि २०१९ चे फनी ही वादळेही प्रचंड होती, पण मृतांची संख्या दहा हजारांवरून शंभराच्या आत आली. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा (२०२५) गौरव पूर्वसूचनेसाठी झाला. तेथील त्सुनामी इशारा केंद्र सुमारे दहा मिनिटांत इशारा देऊ शकते.

मिझोरममधील लुंगलेई अग्निशमन केंद्राची निवड (२०२३) अधिक बोलकी म्हणावी लागेल. २४ एप्रिल २०२१ रोजी शहराभोवतीच्या जंगलात पेटलेला वणवा दहाहून अधिक ग्राम परिषदांच्या हद्दीत पसरला. जवान ३२ तासांहून जास्त वेळ झुंजले आणि आग विझवता विझवता मदतीला आलेल्या रहिवाशांनाही जागच्या जागी शिकवत गेले.

वैयक्तिक गटात भूस्खलनतज्ज्ञ डॉ. राजेंद्रकुमार भंडारी (२०२१) व प्रा. विनोद शर्मा (२०२२) यांची नावे आहेत. २०१९, २०२३, २०२४ आणि २०२५ या वर्षी मात्र एकाही व्यक्तीला पुरस्कार नाही. गावपातळीवरच्या कार्यकर्त्याकडे संस्थेइतके दप्तर नसते, आणि प्रस्ताव तर कागदावरच तोलला जातो. ‘जनजागृती केली, शिबिरे घेतली’ एवढ्यावर भागत नाही. इशारा शेवटच्या घरापर्यंत किती वेळात पोचला, कोण पोचवतो, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी कोणाकडे आहे, गुरे कुठे हलवायची, निवारा केंद्राची किल्ली रात्री कोणाकडे असते, जनरेटर शेवटचा कधी चालवून पाहिला, याची तारीखवार नोंद हवी. रंगीत तालमीत जे फसले ते लिहून ठेवणे बहुतेक जण टाळतात. खरे तर पहिल्या तालमीत भोंगा पलीकडच्या वाडीत ऐकूच गेला नाही आणि दुसऱ्या तालमीपूर्वी त्याची जागा बदलली, ही नोंद शिबिराच्या दहा छायाचित्रांपेक्षा वजनदार ठरते. अशी वही आपत्तीपूर्वीच सुरू केलेली असावी लागते. नामांकनाची मुदत जवळ आल्यावर ती मागाहून भरता येत नाही.