मजकुराचे संरेखन (वर्ड प्रोसेसरमधील)

मजकुराच्या ओळी, रकाने आणि आकडे कागदावर ठरलेल्या रेषेत बसवणे म्हणजे संरेखन. डीटीपी (संगणकावर टाइप आणि छपाई करून देणाऱ्या) सेंटरवर त्याला सरसकट ‘अलाइनमेंट’ म्हणतात. वर्ड आणि लिबरऑफिस रायटर या दोन्हींत मूळ प्रकार चार : डावे (कंट्रोल-एल), उजवे (कंट्रोल-आर), मधोमध (कंट्रोल-ई) आणि दोन्ही कडा सारख्या करणारे जस्टिफाय (कंट्रोल-जे). ही आज्ञा अख्ख्या परिच्छेदाला लागू होते. एकाच ओळीत डावीकडे ‘स्थळ’ आणि उजवीकडे ‘सही’ हवी असेल, तर टॅब (कर्सरला ओळीतल्या ठरलेल्या जागेवर नेणारी कळ; त्या जागेलाही टॅबच म्हणतात) किंवा तक्ता लागतो.

लातूर, परभणी, नांदेड अशा ठिकाणी कोर्ट आणि तहसीलच्या आसपास अर्ज, शपथपत्रे, ग्रामसभेचे ठराव टाइप करून मिळतात. या कागदांत सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे स्पेसबार दाबून मजकूर सरकवणे. सवय टाइपरायटरची आहे. त्यावर काही मात्रांच्या कळा सोडल्या तर प्रत्येक कळीला गाडा सारखाच सरकत असे, त्यामुळे अक्षरे मोजून शीर्षक मध्यभागी आणता येई. संगणकाच्या बहुतेक देवनागरी फाँटांत ‘र’ अरुंद, ‘क्ष’ रुंद. स्पेसची रुंदीही फाँटागणिक वेगळी. मंगल फाँटमध्ये स्पेस देऊन जुळवलेल्या ओळी दुसऱ्या संगणकावर कोकिला फाँट लागला की विस्कटतात. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये (मंगलसारख्या फाँटांच्या सामाईक पद्धतीत) आणतानाही हेच होते. टॅबची जागा मात्र पानाच्या वर दिसणाऱ्या पट्टीवर सेंटिमीटरमध्ये ठरलेली असते; ती हलत नाही.

शासकीय पत्रात खरी कसोटी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या ओळींची. विषय दोन ओळींचा झाला की दुसरी ओळ ‘विषय’ या शब्दाखाली न येता मजकुराखालीच सुरू व्हायला हवी. त्यासाठी वर्डमध्ये परिच्छेदाच्या चौकटीत इंडेंटेशनच्या (ओळ समासापासून आत सरकवण्याच्या) ‘स्पेशल’ यादीतून ‘हँगिंग’, म्हणजे पहिली सोडून बाकीच्या ओळी आत, निवडून २.५ सेंमी द्यावे आणि ‘विषय :’ नंतर एकदाच टॅब दाबावा. ओळ संपली म्हणून मध्येच एंटर मारू नये. एंटरने नवा परिच्छेद सुरू होतो आणि ओळ पुन्हा डाव्या कडेला जाते. संदर्भात १), २) असे क्रमांक आले की हँगिंगचा खटाटोप वाढतो. तिथे तीन रकान्यांचा, रेघा काढून टाकलेला तक्ता बरा : पहिल्यात ‘संदर्भ :’, दुसऱ्यात क्रमांक, तिसऱ्यात मजकूर.

कोर्टातल्या अर्जाच्या शीर्षभागात पक्षकाराचे नाव डावीकडे आणि ‘अर्जदार’ उजव्या कडेला, मध्ये ठिपके, असा रिवाज आहे. ठिपके एकेक टाइप करण्याची गरज नाही. परिच्छेदाच्या चौकटीतून ‘टॅब्स’ उघडावे, उजवा टॅब (मजकूर त्या जागी संपवणारा) लावावा आणि लीडर, म्हणजे मधली मोकळी जागा भरणारी खूण, म्हणून ठिपके निवडावेत. ए-४ कागद २१ सेंमी रुंद. दोन्ही समास २.५४ सेंमी असतील तर मजकुराची रुंदी १५.९२ सेंमी, म्हणून टॅबही तिथेच. फाइल शिवण्यासाठी डावा समास ३.८१ केला, तर टॅब १४.६५ वर आणावा लागतो. तो आपोआप सरकत नाही, आणि हीच गोष्ट हमखास विसरली जाते.

सहीचा मजकूर कंट्रोल-आरने उजवीकडे ढकलला, तर ‘ग्रामपंचायत अधिकारी’, ‘ग्रामपंचायत कार्यालय’, ‘ता. औसा, जि. लातूर’ या ओळींची डावी टोके वेडीवाकडी पडतात. त्यापेक्षा तिन्ही ओळींना १० सेंमी डावा इंडेंट देऊन कंट्रोल-ई करावे, म्हणजे त्या एकमेकींखाली नेमक्या मधोमध बसतात.

नुकसानीच्या यादीतल्या रकमा उजव्या कडेला जुळवाव्यात आणि पैसे सगळीकडे दोन अंकी लिहावेत. १,२५,०००.०० खाली नुसते ८,४०० आले, तर एककाखाली एकक येत नाही.

जस्टिफायचा मोह मराठीत जपून करावा. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्याकडून’ असले लांब शब्द ओळीअखेर बहुधा तोडले जात नाहीत. अख्खा शब्द खाली उतरतो आणि वरच्या ओळीत भगदाडे पडतात. पूर्ण रुंदीच्या पानावर ते खपून जाते, दोन रकान्यांच्या पत्रकात नाही.

शीर्षक मधोमध करूनही जरा उजवीकडे दिसत असेल, तर त्या परिच्छेदाला पहिल्या ओळीचा इंडेंट राहिलेला असतो, १.२७ सेंमी इंडेंटने शीर्षक निम्मे, म्हणजे ०.६३ सेंमी सरकते. असे दोष शोधायला वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८, रायटरमध्ये कंट्रोल-एफ१० दाबावे. स्पेस ठिपक्यासारखी, टॅब बाणासारखा दिसतो.

मुद्रांकावर छापताना छापील भाग सोडण्यासाठी दहा-बारा एंटर मारले, तर फाँटचा आकार बदलताच मजकूर वरखाली होतो. मुद्रांकाची लांबी-रुंदी आणि छापील भाग पट्टीने मोजून कागदाचा आकार तोच ठेवावा. छापील भागाची उंची, वरचा समास वजा करून, पहिल्या परिच्छेदाच्या वरच्या अंतरात भरावी. १२ सेंमी म्हणजे सुमारे ३४० पॉइंट. प्रिंट आधी तेवढ्याच आकाराच्या कोऱ्या कागदावर काढून, तो मुद्रांकावर ठेवून उजेडासमोर धरून पाहावा.